छर्रा आधी, काडतूस नंतर
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: शॉटगनचं, म्हणजे छर्रे उडवणार्‍या बंदुकीचं, काडतूस निवडायचं कसं. पत्रं ठाणे आणि नवी मुंबईतली, पण गरजा निरनिराळ्या. कुणाचा मुलगा अमेरिकेत बदकांच्या शिकारीला निघालाय, कुणाची मुलगी ट्रॅप (उडत्या तबकड्यांवरची नेमबाजी) शिकतेय, कुणाच्या माळ्यावर आजोबांची दुनळी पडून आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वेग पाहून काडतूस घेऊ नका, एवढं सगळ्यांनाच सांगायचं आहे. छर्रा कुठल्या धातूचा हवा, हे आधी ठरवा. छर्‍याचा आकार, चोक (नळीच्या तोंडाचा आवळलेला भाग), अंतर आणि कुठली बंदूक चालेल, हे सगळं त्यावरून ठरतं.

प्रश्न (ऐरोली): मुलगा एच-वन-बी व्हिसावर मिनेसोटात नोकरीला आहे. ऑक्टोबरमध्ये मित्र त्याला बदकांच्या शिकारीला नेणार आहेत. बंदूक मित्राची, बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) पंप गन, तीन इंची चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा). दुकानात स्टील, बिस्मथ, टंग्स्टन आणि प्रत्येकात आठ-दहा नंबर पाहून तो रिकाम्या हाताने परत आला. काय घ्यावं? आणि लेड, म्हणजे शिसं, स्वस्त असताना तेच का नको?

उत्तर: काडतुसाच्या आधी कागद. नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. एच-वन-बी आणि पर्यटक व्हिसा दोन्ही यात येतात. बंदूक मित्राची असली तरी फरक पडत नाही. याला जे थोडे अपवाद आहेत, त्यांतला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. म्हणून मुलाने परवाना आधी काढावा, दुकानात नंतर जावं. मिनेसोटात ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी सर्वसाधारणपणे बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं; त्या अभ्यासक्रमाला वेळ लागतो, तेव्हा सप्टेंबरची वाट पाहू नये. सोळा वर्षं किंवा त्याहून मोठ्या प्रत्येकाला केंद्र सरकारचा २५ डॉलरचा डक स्टॅम्प (पाणपक्ष्यांच्या शिकारीचं शुल्क भरल्याचं तिकीट) लागतो, शिवाय राज्याचा पाणपक्ष्यांचा स्टॅम्प वेगळा.

आता लेडचं. अमेरिकेत बदकं, हंस आणि वारकरी पक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे १९९१-९२ च्या हंगामापासून देशभर बंद आहेत. पाणथळीत पडलेले छर्रे चिखलात राहतात. बदकं दाणे दळण्यासाठी वाळूचे खडे गिळतात, त्यांबरोबर छर्रेही जातात. पेषणीत शिसं घासलं जातं, आम्लात विरघळतं आणि रक्तात उतरतं. एखाद-दुसरा छर्रासुद्धा बदकाला मारू शकतो, आणि ते मेलेलं बदक खाणार्‍या गरुडालाही विषबाधा होते. ही बंदी नुसती कागदावरची नाही. पाणपक्ष्यांची शिकार चालू असताना शिशाचं काडतूस खिशात सापडलं तरी तो गुन्हा धरतात, ते उडवलेलं असायची गरज नाही. मित्राचं जॅकेट घातलं असेल तर खिसे आधी रिकामे करावेत. क्ले टार्गेटची (सरावाच्या तबकड्यांची) उरलेली काडतुसं तिथेच राहिलेली असतात.

उरले तीन धातू. शिशाची घनता ११ च्या वर, स्टीलची ७.८, बिस्मथ-कथिलाच्या मिश्रणाची ९.६ च्या आसपास, आणि टंग्स्टनच्या सगळ्यात जड प्रकाराची १८. स्टील हलकं असल्यामुळे तेवढ्याच आकाराचा छर्रा हवेत लवकर मंदावतो. त्यावरचा उपाय म्हणजे शिशापेक्षा दोन नंबर मोठा छर्रा घेणं (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). आकडेच पाहा: शिशाचा ४ नंबरचा छर्रा साधारण ०.२१ ग्रॅमचा, स्टीलचा ४ नंबर ०.१५ ग्रॅमचा आणि स्टीलचा २ नंबर ०.२३ ग्रॅमचा. म्हणजे शिशाच्या चौथ्याची जागा स्टीलचा दुसरा घेतो.

मुलाने घ्यावं ते असं: तीन इंची काडतूस, सव्वा औंस म्हणजे ३५ ग्रॅम स्टील, नंबर २ किंवा ३, वेग सेकंदाला १४५० फुटांच्या जवळपास. पाण्यावर ठेवलेल्या फसव्या, नकली बदकांवर उतरणारे पक्षी २५ ते ३० यार्डांत येत असतील, तर पावणेतीन इंची, सव्वाऐवजी एक पूर्णांक एक अष्टमांश औंस, म्हणजे ३२ ग्रॅम, ४ नंबर पुरतं आणि खांद्यालाही हलकं जातं. हंसांसाठी बीबी (२ नंबरहून मोठा छर्रा). छोट्या टील बदकांसाठी ४ किंवा ६. १५५० फुटांची महागडी काडतुसं पहिल्या हंगामात नकोत. त्यांत बहुतेक वेळा छर्रे कमी भरलेले असतात, धक्का जास्त बसतो आणि फैलाव विस्कटतो. स्टीलचा वेग सुरुवातीला कितीही वाढवला तरी ४० यार्डांवर त्यातला बराचसा गेलेला असतो. छर्‍याचा आकार वाढवल्याने जे मिळतं ते वेगाने मिळत नाही.

बिस्मथ उत्तम, पण बरंच महाग आणि ठिसूळ. तीन इंची चेंबरच्या आधुनिक पंप गनला त्याची गरज नाही. टंग्स्टन तर नवशिक्याने घेऊच नये. त्याच्या जोरावर लांबचे बार करायचा मोह होतो, आणि पक्षी जखमी होऊन निसटतात.

चोक मॉडिफाइड (मध्यम आवळलेला), नाही तर इम्प्रूव्हड सिलिंडर (त्याहून सैल); फुल म्हणजे घट्ट. स्टीलचा छर्रा दबत नाही, त्यामुळे फुल चोकमध्ये तो अडतो आणि फैलावही बिघडतो. मोठे स्टील छर्रे फुल चोकमधून सोडत राहिलं, तर चोकच्या अलीकडे नळीला कडं फुगतं.

आणि शिकारीच्या आधी कागदावर पॅटर्न (फैलावाचा नमुना) काढलाच पाहिजे. हे काम बहुतेक जण टाळतात, आणि जखमी पक्षी बहुतेक त्यामुळेच निसटतात. एक मीटरहून मोठा चौकोनी कागद, मध्ये खूण, अंतर ३५ यार्ड, म्हणजे ३२ मीटर. एक बार. कागदावर छर्‍यांची दाटी जिथे जास्त तो मध्य धरून ३८ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं आणि आतली भोकं मोजायची. असे चार-पाच कागद, प्रत्येक बाराला नवा. मॅलार्डएवढ्या बदकासाठी वर्तुळात ८५ ते ९० भोकं हवीत, लहान बदकांसाठी त्याहून जास्त. सव्वा औंस २ नंबर स्टीलमध्ये साधारण १५५ छर्रे असतात. त्यांतले साठ टक्के वर्तुळात आले तर ९३ होतात. तेवढे येत नसतील तर तीन वाटा आहेत: चोक एक पायरी आवळा (मॉडिफाइडच्या पुढे नको), छर्रा एक नंबर लहान करा (३ नंबरमध्ये तेवढ्याच वजनात चाळीसेक छर्रे जास्त बसतात), किंवा अंतर कमी करा. तिसरी सगळ्यात खात्रीची. दाटीचा मध्य खुणेपासून हातभर बाजूला पडत असेल, तर दोष काडतुसाचा नाही. दस्ता अंगाला बसत नाही किंवा नेम धरण्याची सवय चुकतेय.

पंप गनमध्ये प्लग (जादा काडतुसं बसू न देणारा अडसर) आहे ना, तेही पाहावं. स्थलांतरी पक्ष्यांसाठी मॅगझिन (पुढची काडतुसं भरून ठेवायची नळी) आणि चेंबर मिळून तीनच काडतुसं बसली पाहिजेत. पाण्यावर पडलेल्या जखमी पक्ष्याला लगेच दुसरा बार लागतो, त्यासाठी ६ नंबर स्टीलची चार-सहा काडतुसं वेगळी ठेवावीत: पाण्यावर फक्त डोकं आणि मान दिसते, तिथे दाट फैलाव हवा. मात्र स्टील पाण्यावरून उसळतं, समोरच्या काठावर माणूस नाही हे पाहून मगच बार करावा. घरी शिजवताना मांसावरून चुंबक फिरवावा. राहून गेलेल्या स्टीलच्या छर्‍यावर दाढ तुटते.

प्रश्न (वर्तकनगर, ठाणे): नंबर वाढतो तसा छर्रा लहान का होतो? आणि आपल्याकडचा ६ नंबर आणि अमेरिकन ६ नंबर एकच का?

उत्तर: अमेरिकन नंबर सतरातून वजा करा, उत्तर इंचाच्या शतांशात मिळतं. ४ नंबर म्हणजे १३ शतांश इंच, म्हणजे ३.३ मिलिमीटर. ७½ म्हणजे साडेनऊ शतांश, २.४ मिलिमीटर. म्हणून नंबर वाढला की छर्रा लहान.

दोन्हीकडचा ६ नंबर एकच नाही. इंग्लिश मोजणीत ६ म्हणजे २.६ मिलिमीटर, अमेरिकन ६ म्हणजे २.८. ढोबळ हिशेब असा की इंग्लिश नंबरात एक मिळवला की अमेरिकन नंबर येतो: इंग्लिश ३ आणि अमेरिकन ४ सारखेच. आपल्याकडच्या जुन्या खोक्यांवर एलजी, एसजी अशी अक्षरं दिसतात, तीही इंग्लिश पद्धत. एसजीचा छर्रा ८.४ मिलिमीटरचा, त्याचा पाणपक्ष्यांशी संबंध नाही. कुठलंही खोकं घेताना मिलिमीटर वाचा, म्हणजे गोंधळ होत नाही.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): आजोबांची इंग्लिश बनावटीची बारा बोअर दुनळी माळ्यावर आहे. नळ्यांवर लाटांसारखी नक्षी आहे. सोबत कागदी काडतुसांचं खोकं. वडील वारले, परवाना त्यांच्या नावावर होता. एका मित्राकडे नवी स्टीलची काडतुसं आहेत. गावी शेतावर एकदा उडवून पाहावी का?

उत्तर: नको. एकही बार नको, जुन्या काडतुसाचा नको आणि नव्याचा तर मुळीच नको.

आधी कायदा. परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात ठेवणं बेकायदा आहे. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक आणि काडतुसं दोन्ही जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची असते. वारस म्हणून परवाना हवा असेल तर पोलीस आयुक्तालयात अर्ज करा, सोबत मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र. काडतुसं कचर्‍यात, खाडीत किंवा आगीत टाकू नका, फोडूनही पाहू नका. तीही बंदुकीबरोबर जमा करा.

आता बंदुकीचं. लाटांची नक्षी म्हणजे बहुधा दमास्कस नळी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली. अशा बर्‍याच नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. सांध्यांत आतून गंज धरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. परवान्याचं मार्गी लागल्यावर अनुभवी गनस्मिथकडून तीन गोष्टी तपासून घ्या: चेंबरची लांबी, नळीच्या भिंतीची जाडी आणि नळ्या सुट्या केल्यावर बुडाच्या सपाट भागावर दिसणारे प्रूफचे, म्हणजे दाबाच्या चाचणीचे, शिक्के. बंदूक बिनधुराच्या दारूवर तपासलेली आहे की फक्त काळ्या दारूवर, ते त्या शिक्क्यांवरून कळतं.

जुन्या इंग्लिश दुनळ्यांचं चेंबर बहुतेक वेळा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं असतं. आजचं ७० मिलिमीटरचं काडतूस त्यात आरामात बसतं, म्हणून लोक फसतात. काडतुसाची छापलेली लांबी ही उडवल्यानंतर तोंडाची घडी उलगडल्यावरची असते. घडी उघडायला चेंबरमध्ये जागा नसली की ती पुढच्या निमुळत्या भागात शिरते, वाट अरुंद होते आणि दाब एकदम चढतो. स्टीलचा धोका याहून वेगळा: कडक छर्रे मऊ जुन्या नळीला ओरखडे पाडतात आणि घट्ट चोकला फुगवतात. युरोपात जोरकस स्टीलसाठी तपासलेल्या बंदुकीवर लिलीच्या फुलाचा शिक्का असतो. तुमच्या दुनळीवर तो असण्याचा प्रश्नच नाही.

नळ्या धडधाकट निघाल्या तर अशा बंदुकांना ६५ मिलिमीटरची, कमी दाबाची काडतुसं लागतात. खराब निघाल्या तर गनस्मिथकडून रीतसर निकामी करून भिंतीवर लावण्याची परवानगी मागता येते. आमच्या मते दमास्कस दुनळीचं योग्य ठिकाण भिंतच.

प्रश्न (खारघर): मुलगी २२ वर्षांची आहे, ट्रॅप शिकायला लागली आहे. क्लबमध्ये कुणी २४ ग्रॅम म्हणतं, कुणी २८. खांदा दुखतो म्हणून ती घाबरली आहे.

उत्तर: २४ ग्रॅम. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तीच मर्यादा आहे आणि छर्‍याचा व्यास २.६ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. उद्या जे वापरायचं आहे त्याचीच सवय आजपासून होऊ द्या. ट्रॅपला ७½ नंबर, म्हणजे २.४ मिलिमीटर, २४ ग्रॅममध्ये ते साधारण तीनशे बसतात. तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि नेमबाजापासून दूर पळणारी, तेव्हा छर्‍यात तीसेक मीटरवर ती फोडण्याइतका जोर उरायला हवा. स्कीटमध्ये तबकडी जवळून आडवी जाते, तिथे ९ नंबर, त्याच वजनात पाचशेच्या आसपास. अथेन्स २००४ मध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी डबल ट्रॅपचं रौप्यपदक मिळवलं, तेव्हापासून आपल्याकडे या खेळाकडे मुलंमुली वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. पण सुरुवातीलाच जोरकस काडतुसं हातात दिल्याने बरेच जण खेळ सोडून जातात.

खांदा दुखण्यात काडतुसाचा भाग लहान असतो. दस्ता खांद्याच्या खळग्यात घट्ट नसेल आणि गाल दस्त्यावर टेकलेला नसेल तर २४ ग्रॅमसुद्धा लागतं. दस्त्याची लांबी मोजून घ्या. क्लबच्या बंदुका पुरुषांच्या मापाच्या असतात, मुलीला दोन-तीन सेंटिमीटर जास्त होतात. एका दिवसात दोन फेर्‍या, म्हणजे पन्नास तबकड्या, सुरुवातीला पुष्कळ. काडतुसं एकाच बनावटीची, शक्यतो एकाच लॉटची घ्या. रोज निराळं काडतूस असलं की चूक तिची की काडतुसाची हे कळत नाही.

एक गोष्ट मात्र तिला रोज बजावा. क्लबमध्ये बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर काडतुसं एका पिशवीत कधीच नकोत. वीस बोअरचं काडतूस बाराच्या चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं, बाराचं काडतूसही वर बसतं, आणि चाप ओढला की नळी फाटते. डाव्या हाताची बोटं तिथेच असतात. म्हणून वीस बोअरचं नळकांडं सहसा पिवळं ठेवतात. पिवळं दिसलं की हात थांबला पाहिजे.

प्रश्न (नेरूळ): खेळासाठीचा शस्त्रपरवाना असेल तर उरणच्या पाणथळीत एक-दोन बदकं मारायला हरकत आहे का? आमच्या काकांच्या वेळी मारत असत.

उत्तर: हरकत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवान्याने होणारी शिकारही बंद झाली. शस्त्रपरवाना खेळासाठी असो की स्वसंरक्षणासाठी, थापट्या, तलवार बदक किंवा हळदी-कुंकू बदक मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही. बदक गेल्यावर बंदूक आणि परवाना दोन्ही जातात, वर तुरुंग. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा) दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे आणि उरणकडे उतरणारे पक्षी हजारो किलोमीटरवरून येतात. त्यांच्यावर छर्रा उडवणं आम्हाला मान्य नाही, कायदा नसता तरी नसतं.

पाणथळीच्या बाजूने बार ऐकू आला तर स्वतः जवळ जाऊ नका. छर्रा किती लांब जातो त्याचा अंदाज असा: व्यास इंचात, गुणिले २२००, उत्तर यार्डांत. २ नंबरचा छर्रा तीनशे मीटरपर्यंत जातो. वेळ आणि दिशा टिपून ठेवा, वन विभागाच्या १९२६ वर किंवा ११२ वर कळवा.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे): पावसाळ्यात काडतुसं कशी ठेवावीत? गेल्या वर्षीच्या खोक्यातला एक बार अगदी हलका वाजला.

उत्तर: आपल्या हवेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत पुठ्ठ्याचं खोकं ओलसरच राहतं. काडतुसं त्यातून काढून रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या दोन पुड्या. पुड्यांचा रंग पालटला की तापवून पुन्हा वापरा. डबा कुलुपात, बंदुकीपासून वेगळा. पत्र्याखालचा माळा, स्वयंपाकघर आणि उन्हातली गाडी या तिन्ही जागा टाळा. उष्णतेने दारूही बिघडते आणि बुडातली, दारू पेटवणारी टोपीही. काडतुसाला तेल किंवा गंज काढणारा स्प्रे लावू नका. तो टोपीच्या फटीतून आत झिरपतो आणि बार फुसका होतो. डब्यावर खरेदीचा महिना लिहा, जुनी आधी वापरा. परवान्यावर लिहिलेल्या संख्येपेक्षा जास्त साठा कधीच नको.

वापरण्यापूर्वी प्रत्येक काडतूस हातात घ्या. पितळी बुडावर हिरवा थर, फुगलेलं नळकांडं, तोंडाची घडी उघडलेली, यांतलं एक जरी दिसलं तरी ते बाजूला काढा आणि विक्रेत्याकडे परत द्या. चेंबरमध्ये बसत नसेल तर दाबून बसवू नका. स्टीलच्या काडतुसात पाणी गेलं असेल तर ते वाळवूनही वापरू नका: छर्रे गंजून एकमेकांना चिकटतात आणि सगळा गोळा एकदम नळीत शिरतो.

हलका वाजलेला बार ही गंभीर गोष्ट आहे. दारू पुरती जळली नाही आणि वॅड (दारू आणि छर्रे यांच्यामधलं बूच) नळीतच अडकला, असं होऊ शकतं. त्यावर दुसरा बार केला तर नळी फुटते. आवाज नेहमीपेक्षा मऊ आला की तिथेच थांबा. तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बंदूक उघडा, सगळी काडतुसं काढा आणि चेंबरच्या बाजूने नळीतून उजेड पाहा. उजेड आरपार दिसला नाही तर साफ करायच्या गजाने वॅड ढकलून काढा. वॅड निघाला तरी नळीला बाहेरून बोट फिरवून उंचवटा लागतो का पाहा, लागला तर बंदूक गनस्मिथकडे.

चाप ओढूनही बार झालाच नाही, तर बंदूक लगेच उघडू नका. टोपी उशिराही पेटू शकते. तोंड समोर रोखून निदान तीस सेकंद थांबा, मगच काडतूस काढा. त्या लॉटमधली उरलेली काडतुसं वापरू नका, पक्की पावती दाखवून विक्रेत्याला परत करा.